तांबडा समुद्र ते शिवाजी पेठ

सोमवारी सकाळी साडेदहाच्या मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आवाज गेला, चित्र अडकलं, आणि पुण्याच्या ऑफिसातली सहा माणसं अर्धवट मिटलेल्या डोळ्यांच्या माझ्या त्या ध्यानाकडे दोन मिनिटं बघत बसली. कुणीतरी त्याचा फोटो काढला, तो अजून ग्रुपवर फिरतो. तारीख होती 8 सप्टेंबर 2025, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला कामाचा दिवस. मिरवणुकीचा शीण अंगात होताच, त्यात हे.

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. जुनं, दगडी, दोन फूट जाड भिंतींचं. गेली पाच वर्षं मी घरूनच काम करतो आणि त्यातली तीन वर्षं फायबरचं कनेक्शन आहे, 200 एमबीपीएसचं. कंपनीचं नाव घेत नाही. सुरुवातीला हौसेनं स्पीड तपासायचो. दर वेळी 190-195 यायचं म्हणून तपासणं सोडून दिलं होतं. त्या दिवशी मीटिंग कशीबशी मोबाइल डेटावर उरकली आणि फोनवर स्पीड टेस्ट लावली. 38. पुन्हा लावली, 17. तिसऱ्यांदा 61. जेवून आलो तर 83.

कारण मात्र माझ्याकडे तयार होतं. आदल्या दिवशीच बातमी वाचली होती की शनिवारी तांबड्या समुद्रात, सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ, समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल तुटल्या. एसएमडब्ल्यू 4 आणि आयएमईडब्ल्यूई ही त्यांची नावं, आणि दोन्ही केबल मुंबईला किनाऱ्यावर येतात. भारत, पाकिस्तान, आखाती देश, सगळीकडे नेट मंदावल्याचं बातमीत होतं. शनिवार म्हणजे 6 सप्टेंबर, नेमकी अनंत चतुर्दशी. इकडं आम्ही गल्लीतला गणपती घेऊन नाचत विसर्जनासाठी इराणी खणीकडं निघालो, तिकडं केबल तुटली. योगायोग इतका झकास होता की शंका घ्यायचं मनातच आलं नाही. बायकोला सांगितलं, शेजारच्या काकांना सांगितलं, ऑफिसात तर जवळजवळ व्याख्यानच दिलं. जहाजं येऊन केबल जोडेपर्यंत आपल्या हातात काही नाही, असं म्हणून मी निवांत झालो.

आईचं निदान वेगळं होतं. रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं आणि मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. "ग्रहणात मशीन बंद ठेव म्हणून सांगत होते," ती म्हणाली, "भोग आता." तिच्या कारणात आणि माझ्या कारणात तेव्हा मला जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता. आता तितका वाटत नाही. दोघंही आकाश-पाताळ धुंडाळत होतो, गॅलरीत जाऊन कुणीच बघितलं नव्हतं.

मंगळवारी ऑफिसची एक मोठी फाइल उतरवून घेत होतो. ब्राउझर खाली 11.2 दाखवत होता. हे बघून मात्र डोकं फिरलं आणि कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका, असं करत बारा मिनिटांनी माणूस आला. मी म्हटलं, "200 चे पैसे घेताय आणि 11 देताय." तो शांतपणे म्हणाला, "सर, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय. राउटर एकदा रिसेट करा." रिस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं, हे मला माहीत असायला हवं होतं. रागाच्या भरात टाचणी घेतली आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरली. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, कनेक्शनसाठी कंपनीनं दिलेलं युजरनेम गेलं. ते युजरनेम तीन वर्षांपूर्वीच्या एका एसएमएसमध्ये सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. घरातला टीव्ही, फोन, कॅमेरा, सगळ्यांना नव्यानं ओळख करून द्यावी लागली. स्पीड होता तिथंच होता.

गुरुवारी मामेभावाचा फोन आला. तो बेंगळुरूत नेटवर्कच्याच कामात आहे. पितृपंधरवड्यात गावी कधी येतो हे विचारायला आईनं फोन लावला होता, तो मी मध्येच हिसकावून घेतला आणि तांबड्या समुद्राची कथा ऐकवली. त्यानं पूर्ण ऐकून घेतली.

"लगा, स्पीड टेस्टचा सर्व्हर कुठला लागतोय?"

बघितलं. मुंबई.

"मग कोल्हापूर ते मुंबई जायला तू जेद्दामार्गे जातोस काय?"

मी गप्प.

त्यानं समजावलं ते असं. केबल तुटली की युरोपकडे जाणारी वाहतूक लांबच्या वाटेनं वळवावी लागते. त्यामुळं तिकडच्या सर्व्हरशी बोलायला वेळ जास्त लागतो, वाटेत गर्दीही होते. पण आपण रोज बघतो ते व्हिडिओ बहुतेक करून मुंबईसारख्या ठिकाणी साठवलेल्या प्रतींमधून येतात, आणि स्पीड टेस्ट तर मुद्दाम जवळचाच सर्व्हर निवडते. मुंबईपर्यंतच 17 येत असेल तर समुद्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बातमी खरी होती, माझं दुखणंही खरं होतं. दोघांचा एकमेकांशी संबंध मी माझ्या मनानं लावला होता.

"आणि 11.2 चं काय?" मी विचारलं.

"त्याला आठनं गुण."

89.6. ब्राउझर मेगाबाइट दाखवतो, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. 200 च्या प्लॅनवर फाइल उतरताना 25 च्या वर आकडा कधी दिसणारच नाही. हे मी शाळेत शिकलोय, परीक्षेत लिहिलंय, आणि कस्टमर केअरच्या त्या पोराला त्यावरून झापलंय. तो का गप्प बसला होता ते तेव्हा कळलं.

मग त्यानं एकेक काम सांगायला सुरुवात केली. पहिली अट, फोनवर आणि वायफायवर तपासायचं नाही. आमच्या दगडी भिंतीत वायफायची काय गत होते ते मला ठाऊक होतंच. हॉलमध्ये उभं राहून येणारा आकडा स्वयंपाकघरात निम्म्याच्या खाली जातो. त्यात फोन कधी 5 गिगाहर्ट्झवर असतो, कधी लांब गेला की आपणहून 2.4 वर उडी मारतो. त्या 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या गल्लीतून दिसणारी वायफायची नावं मोजली तर तेवीस भरली. अशा बाजारात उभं राहून मोजलेला आकडा कनेक्शनचा की भिंतीचा की शेजाऱ्याचा, काय सांगणार? लॅपटॉप वायरनं राउटरला जोड, बाकी सगळं बंद कर, मग मोज.

जोडलं. दुपारची वेळ, घर सुस्त. 94.1. परत, 93.8. परत, 94.3.

मला वाटलं सुधारतंय. तिकडून हसण्याचा आवाज आला. "94 आलं आणि हलत नाही ना? ती वायर आहे. मधली एखादी वायर 100 वर चाललीय."

या आकड्यावर दोन शब्द लिहितो, कारण कित्येकांच्या घरी हा 94 महिनोन् महिने बसलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. राउटरला लावतो त्या नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, पिळून केलेल्या चार जोड्या. 1000 एमबीपीएसचा वेग चालायला चारही जोड्या धड लागतात. 100 ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवून गुपचूप 100 वर येतात. काही बंद पडत नाही, लाल दिवा लागत नाही, कुणी तक्रार करत नाही. नेटवरचा मजकूर छोट्या छोट्या पाकिटांत भरून जातो. त्या 100 मधले पाच-सहा या पाकिटांवरच्या पत्त्यांत आणि हिशेबात जातात, हातात 94 च्या आसपास उरतं. म्हणून हा आकडा दिसला की कंपनीला फोन करण्याआधी वायर धरून चालायला लागायचं.

आमच्याकडं कंपनीचा फायबरचा डबा गॅलरीच्या दारापाशी आहे आणि तिथून एक पिवळी केबल हॉलमधल्या माझ्या राउटरला येते. राउटरच्या सेटिंगमध्ये बघितलं, त्या केबलचा लिंक स्पीड 100. केबल धरून निघालो. कपाटापाशी ती दिसेनाशी झाली. कपाट सरकवलं तर लोखंडी पाय केबलच्या बरोबर मधोमध रुतलेला. केबल तिथं पापडासारखी चपटी.

हे कधी झालं त्याचाही उलगडा झाला. घरच्या गणपतीची आरास दरवर्षी त्याच कोपऱ्यात असते, त्यासाठी कपाट हलवतो. कोल्हापुरात घरचे गणपती गौरीबरोबर जातात. 2 सप्टेंबरला विसर्जन करून आलो, रात्री दोघांनी मिळून कपाट जागेवर ढकललं, त्यात पाय केबलवर आला. म्हणजे आमचं नेट मंगळवारपासूनच निम्मं झालेलं होतं आणि सहा दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण 94 वर कुणाचं काही अडतच नाही. मग 200 चे पैसे कशाला भरतो हा प्रश्न बायकोनं विचारला. तो विषय मी वाढवला नाही.

महाद्वार रोडवरून नवीन कॅट 5ई केबल आणली, जोडली, लिंक स्पीड 1000. स्पीड टेस्ट, 178. मामेभावाला अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि विजयी मुद्रेनं चहा घेतला.

संध्याकाळी सहाला वारं सुटलं, पावसाची सर आली, आणि पोरीचा कार्टूनचा व्हिडिओ गोल गोल फिरायला लागला. स्पीड टेस्ट, 22.

रात्री पुन्हा फोन. आता तोही गंभीर झाला. "दोन दुखणी आहेत. एक गेलं. दुसरं शोधायचं तर वही घाल." खरंच वही घातली. पोरीच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पानं. तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग (म्हणजे सर्व्हरला हाक मारल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ), आणि शेरा. दर वेळी तोच लॅपटॉप, तीच वायर, तोच सर्व्हर, आणि आता राउटरही मधून काढलेला. लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्यात. शुक्रवार, शनिवार, रविवार, दिवसातून सहा-सात वेळा.

पहिली शंका गर्दीची होती. फायबर म्हटलं की आपल्याला वाटतं एक धागा कंपनीपासून थेट आपल्या घरात. तसं नसतं. एका बाजूनं निघालेला प्रकाश वाटेत फाटे फोडून बत्तीस-बत्तीस घरांत वाटलेला असतो, आणि आमच्याकडं जे जीपॉन तंत्र आहे त्यात त्या सगळ्यांना मिळून खाली यायला सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर जायला 1.25 असतात. संध्याकाळी सगळी गल्ली मालिका आणि मॅच बघायला बसली की आकडा घसरू शकतो. पण मग तो घड्याळानुसार घसरायला हवा. वहीत तसं दिसेना. शनिवारी रात्री नऊला, ऐन गर्दीच्या वेळी, 171. रविवारी सकाळी सातला, सगळी पेठ झोपेत, 14.

त्या 14 च्या वेळी आई गॅलरीत कपडे काढायची घाई करत होती. ती सहज म्हणाली, "वारं सुटलं की तुझं नेट जातंय बघ." मी वही उलटून बघितली. शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: पाऊस, वारा, पाऊस, "आभाळ", वारा. 100 च्या खालची एकूण एक नोंद वाऱ्याची किंवा पावसाची. लिहिणारा मी, आणि वाचलं तिनं.

दुसरी गोष्ट अपलोडची. डाउनलोड 14 असताना अपलोड 160 होतं. वर जाणारं धडधाकट, खाली येणारं आजारी. मामेभाऊ म्हणाला आता पिंग मार, तीन ठिकाणी, प्रत्येकी शंभर पाकिटं. आधी घरातल्याच डब्याला, 192.168.1.1 ला, शंभरपैकी शंभर परत आले. मग कंपनीच्या पहिल्या गेटवेला, म्हणजे आमच्या डब्यानंतरच्या तिच्या पहिल्या यंत्राला. शंभरपैकी सात हरवले. मग मुंबईला, आठ हरवले. परत आलेल्यांचा वेळ मात्र 12-13 मिलिसेकंद, अगदी नेहमीसारखा. म्हणजे मुंबईपर्यंतची वाट ठीक, घरही ठीक, हरवतंय ते आमच्या डब्यापासून कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंत. पाकिटं अशी हरवायला लागली की पाठवणारा सर्व्हर समजतो वाटेत गर्दी आहे आणि आपणहून हात आखडता घेतो. सात टक्के हरवले म्हणून सात टक्के स्पीड कमी होत नाही, पार तळाला जातो.

मग त्यानं डब्याच्या आतलं एक पान उघडायला सांगितलं. डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर युजरनेम-पासवर्ड होता. काही कंपन्या हे पान कुलूपबंद ठेवतात, आमचं उघडं होतं. तिथं एक ओळ असते, आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय. आमची -28.4. बघता बघता -28.9, परत -28.1. त्याच स्टिकरवर तीन वर्षांपूर्वी कनेक्शन देणाऱ्या माणसानं बॉलपेननं लिहून ठेवलं होतं: -21.4. देव त्याचं भलं करो. त्या एका नोंदीनं माझे दोन दिवस वाचवले.

हे डेसिबलचं (डीबीचं) गणित जरा फसवं असतं. तीननं आकडा घसरला की प्रकाश निम्मा होतो. सातनं घसरला म्हणजे पाचपट कमी. आणि मुळात तो असतोच किती? -20 म्हणजे एका वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातले दहा. -27 म्हणजे त्यातले दोन. अशा डब्याला वाचता येण्याची हद्द साधारण -27 ला संपते. आमचा डबा हद्दीच्या बाहेर उभा राहून, हात कानामागं धरून ऐकत होता. वारं आलं की एक शब्द कळायचा, एक नाही.

"बाहेर कुठंतरी फायबर मोडून वाकलीय," मामेभाऊ म्हणाला. कशावरून? अपलोडवरून. एकाच काचेच्या धाग्यातून दोन रंगांचा प्रकाश जातो, दोन्ही डोळ्याला न दिसणारे. घराकडं येणारा 1490 नॅनोमीटरचा आणि कंपनीकडं जाणारा 1310 चा. सरळ किंवा सावकाश वळलेल्या धाग्यात प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढं जातो. धागा काटकोनात मोडला की वळणावर तो भिंत सोडून बाहेर सांडतो. जितकी तरंगलांबी मोठी तितका जास्त सांडतो. म्हणून येणारा जास्त मार खातो आणि जाणारा कमी. पुरावा पक्का नाही, पण वाऱ्याशी जुळतो, असं तो म्हणाला.

मला वाटलं डब्यातला तो हिरवा प्लग काढून शर्टाला पुसून परत लावावा. तो ओरडला. त्या प्लगच्या टोकाला केसासारखी बारीक काच असते, आठ अंशांत तिरकी घासलेली. शर्टाची धूळ बसली की आणखी दोन-तीन डेसिबल गेले. आणि काढलेल्या टोकात डोळा घालून बघायचं तर नावच नको, आत प्रकाश असला तरी दिसत नाही आणि डोळ्याला सोसत नाही.

आता कंपनीचा माणूस आणणं आलं. शुक्रवारी तक्रार नोंदवली होती, शनिवारी एसएमएस आला, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." कुणी फिरकलं नव्हतं. परत नोंदवली, रविवारी परत तोच एसएमएस. सोमवारी फोन केला तेव्हा मात्र आवाज न चढवता फक्त आकडे सांगितले. आरएक्स पॉवर -28.4, बसवताना -21.4, गेटवेपर्यंत सात टक्के पाकिटं गहाळ, लॅपटॉप थेट डब्यात. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, एक मिनिट," आणि पहिल्यांदाच मला रिस्टार्ट करायला न सांगता कॉल पुढं दिला. मी तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घेतला आणि याही वेळी न येता तक्रार बंद झाली तर अपीलीय प्राधिकरणाकडं जाईन असं सांगितलं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2012 च्या नियमांमुळं प्रत्येक कंपनीला ते ठेवावं लागतं, हे बहुतेक ग्राहकांच्या गावीही नसतं. नंतर मामेभावाला हे ऐकवलं तर तो म्हणाला, सरकारी व्याख्येत जानेवारी 2023 पासून 2 एमबीपीएस मिळालं तरी त्याला ब्रॉडबँडच म्हणतात, तेव्हा 14 ला तू श्रीमंत आहेस.

मंगळवारी सकाळी लाइनमन आला. पंचविशीतला पोरगा, खांद्यावर घडीची शिडी, पाठीवर सॅक. मी वही पुढं केली. त्यानं नम्रपणे बघितली आणि बाजूला ठेवली. डब्यातला प्लग काढून हातातल्या पॉवर मीटरला लावला. मायनस 28.3.

"साहेब, घरातलं काय न्हाई. भाईर बघाय पायजे."

कोपऱ्यावरच्या खांबावर चढला, तिथली पेटी उघडली, मोजलं, आणि तिथूनच ओरडला, "हितं मायनस वीस पॉइंट तीन हाय! मधल्या पन्नास-साठ मीटरात आठ डीबी खाल्लं कुणी?"

खांबापासून आमच्या गॅलरीपर्यंत काळी ड्रॉप केबल रस्ता ओलांडून येते. तो खाली उतरला आणि मान वर करून केबलखालून चालत निघाला. मी त्याच्या मागून. आमच्या गॅलरीखाली येऊन थांबला.

केबल गॅलरीच्या गजाला बांधलेली होती. सेंट्रिंगच्या तारेनं, तीन वेढे, पक्कडीनं आवळून पीळ दिलेला. गजाच्या कडेवर केबल काटकोनात मुडपून खाली लोंबत होती, आणि वारा आला की त्या मुडपलेल्या जागीच हलत होती.

"ही कुणी बांधली ओ?"

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ मला लख्ख आठवली. ट्रॉलीवरची मूर्ती उंच, वर प्रभावळ. प्रत्येक गल्लीत वायरींचं जाळं, म्हणून दोन पोरं बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधून वायरी उचलत पुढं चालतात. आमच्या दारासमोर एक वायर काही केल्या वर राहीना. खालून हाका सुरू, मागं दुसरं मंडळ खोळंबलेलं, ढोल-ताशा टिपेला. मी धावत वर आलो, गॅलरीतून ती वायर ओढून घेतली आणि कपाटाच्या खणात सापडलेल्या तारेनं गजाला करकचून आवळली. तात्पुरती. मूर्ती जाईपर्यंत. खालून "मोरया" झालं, कुणीतरी मला हात केला, मी खाली पळालो. ती आपलीच फायबर आहे हे तेव्हा ध्यानात आलं नाही आणि नंतर तार सोडायची आठवण राहिली नाही.

"मंडळाची पोरं असतील," लाइनमन आपणच म्हणाला.

"असतील," मी म्हटलं.

वरून आईचा आवाज आला. "अरे तूच की त्या दिवशी पक्कड मागत होतास!"

पोरगा हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं तार कापली, केबल मोकळी केली आणि मुडपलेला भाग बोटांनी चाचपला. नुसती सोडूनही आकडा सुधारला असता, पण आतल्या काचेला चीर गेली असेल तर दोन महिन्यांनी परत रडगाणं, म्हणून तेवढा हातभर तुकडा काढून टाकू म्हणाला. खांबावर जादा केबलची गुंडाळी होती, त्यातली थोडी सोडवून घेतली. गॅलरीत मांडी घालून सॅकमधून स्प्लायसिंग मशीन काढलं. केबल सोलली, आतली काच उघडी केली, जाडीला मिलिमीटरचा आठवा भाग. स्पिरिटच्या कागदानं पुसली, कातरली, दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन काठ्या समोरासमोर आल्या, ठिणगी पडली आणि एक झाल्या. पडद्यावर 0.02 डीबी आलं. सगळं दोन मिनिटांत. कापलेले काचेचे कण मात्र त्यानं चिकटपट्टीवर एकेक टिपून छोट्या बाटलीत टाकले. म्हणाला, पायात गेला तर एक्स-रेत पण घावत न्हाई.

डबा लावला. -21.6. लॅपटॉप जोडला. 196, अपलोड 194. पिंग शंभरपैकी शंभर. वहीत लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून तो रिकामा ठेवला. आईनं त्याला चहा आणि चिवडा दिला. जाताना तो म्हणाला, "फुडल्या वर्षी मिरवणुकीआधी फोन करा, मी येऊन वायर वर घेतो. तुम्ही नगा बांधू."

दुपारी एसएमएस आला. तक्रार बंद, कारणाच्या जागी लिहिलं होतं: दोष ग्राहकाच्या बाजूला. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल. मी पाच दाबले आणि तारेचा तो तुकडा कपाटाच्या खणात परत ठेवून दिला.